अलकाच्या गुडघ्याला दहापैकी दहा

आदर्श नगर, जयपूर
जानेवारीची अखेर

तीर्थरूप सुलोचनाताई यांना,

सदाशिवचा गुडघे टेकून नमस्कार. (गुडघे टेकणं आम्हा नवराबायकोत सध्या मला एकट्यालाच जमतं, म्हणून मुद्दाम लिहिलं.) तुमचं मनगट आता कसं आहे, हे मी विचारणार नाही. गेल्या वर्षी ते मोडलं तेव्हा तुम्ही आम्हाला ‘जरा मुका मार लागलाय’ असं कळवलं होतंत, आणि खरं काय झालं ते प्लास्टर निघाल्यावर तुमच्या सुनेकडून समजलं. तेव्हा तुम्हाला प्रकृती विचारण्यात अर्थ नाही. तुमच्या अख्ख्या माहेरालाच विचारण्यात अर्थ नाही. कराडची हवा कशी आहे तेवढं कळवा. हवेबद्दल तुम्ही लोक खरं बोलता.

फोन करायचा सोडून हा बाबा पत्र का लिहीत बसलाय, असं तुम्हाला वाटेल. फोन लावला की तुमची धाकटी बहीण, आमची अलका, शेजारी येऊन बसते आणि दोन वाक्यांत तो माझ्या हातातून काढून घेते. मग तुम्ही विचारता, गुडघा काय म्हणतोय, आणि ती सांगते, अगदी छान, रोज बागेत फिरून येते. ताई, ती बागेत जात नाही. दिवाळीनंतर गुडघा बदलला, तेव्हापासून ती खाली उतरली आहे ती फक्त हॉस्पिटलात जाण्यासाठी. आमचं घर पहिल्या मजल्यावर, आणि जिना ती कठड्याकडे तोंड करून, आडव्या पावलांनी, दोन्ही हातांनी तो धरून, नुकतं चालायला लागलेलं मूल उतरतं तशी उतरते. गुडघा वाकत नाही. खुर्चीत बसली की तो पाय समोर सरळच्या सरळ, येणाऱ्याजाणाऱ्याने ओलांडून जावं असा. हे सगळं मी रागाने लिहितो आहे आणि राग नेमका कोणावर आहे ते मला ठरवता आलेलं नाही. हॉस्पिटलवर आहे, तिच्यावर आहे, आणि (स्पष्ट लिहितो, माफ करा) तुमच्यावरही आहे. विचारणाऱ्याला रडगाणं ऐकवू नये, हे वळण तिला तुम्ही आणि तुमच्या मातोश्रींनी लावलं.

आता मूळ भानगड सांगतो. हल्ली मोठ्या हॉस्पिटलांत एक नवी पद्धत निघाली आहे. ऑपरेशन कसं झालं हे डॉक्टरने सांगायचं नाही, पेशंटने सांगायचं. घरी गेल्यावर दुखतं किती, जिना चढता येतो का, स्वतःचं स्वतः उठता येतं का, शिवाय हॉस्पिटलातली माणसं बोलायला कशी होती, सगळं पेशंटला विचारतात, त्याचे गुण मांडतात आणि त्यावरून ऑपरेशन पास की नापास ते ठरतं. तत्त्व म्हणून मला हे शंभर टक्के मान्य आहे. माझ्या आईला काय होतंय ते डॉक्टर तिला न विचारता वडिलांना विचारायचे, आणि वडील न बघता ‘पित्त’ म्हणून सांगायचे. ती बिचारी जन्मभर पित्ताची औषधं घेत राहिली. आता बाईचं दुखणं बाईलाच विचारतात, विचारावंच. पण ज्याने कोणी ही पद्धत काढली, त्याची तुमच्या घराण्यातल्या मुलीशी गाठ पडलेली नव्हती.

दर सोमवारी हॉस्पिटलातून सोनम नावाच्या मुलीचा फोन येतो. आवाज गोड, आणि अलका फोन स्पीकरवर ठेवते. पहिला फोन आला तेव्हा मी स्वयंपाकघरात उपमा ढवळत होतो (सध्या ते खातं माझ्याकडे आहे, त्याबद्दल अलकाला गुण विचारू नका). आधी वागणुकीचे प्रश्न. रिसेप्शन कैसा लगा, खाना कैसा था, नर्स लोग कैसे थे. अलका प्रत्येकाला दस, दस, दस. वास्तविक तिथल्या खिचडीबद्दल तिने मला काय काय ऐकवलं होतं ते पत्रात लिहिण्यासारखं नाही. मग आला दुखण्याचा प्रश्न. शून्यापासून दहापर्यंत, दर्द कितना है? आणि अलका त्याच ओघात म्हणाली, दस. ताई, माझ्या हातातला झारा थांबला. म्हटलं, बोलली! एकदाची बोलली! पण पलीकडून सोनम घाबरी होऊन म्हणते, “आंटीजी, इसमें दस मतलब सबसे ज़्यादा दर्द. इसमें ज़ीरो अच्छा होता है.” अलका म्हणाली, “अच्छा? तो ज़ीरो लिख लो बेटा.” संपलं. चुकून का होईना, खरं उत्तर त्या बाईच्या तोंडून बाहेर पडलं होतं, ते दोघींनी मिळून परत आत ढकललं.

संक्रांतीनंतरच्या सोमवारी प्रश्न आला, छत पर चढ़ पाती हैं? हाँ हाँ, क्यों नहीं! अहो, संक्रांतीला अख्खं जयपूर गच्चीवर होतं. खालचे, वरचे, समोरचे, ऐंशीच्या पुढचे आजोबासुद्धा पतंग घेऊन वर गेले होते. ही खिडकीशी खुर्ची लावून बसली होती आणि वरून आरडाओरडा झाला की मला विचारत होती, कोणाचा काटला? मी स्वयंपाकघरातून ओरडलो की हे खोटं आहे. तर फोनवर हात ठेवून मलाच दटावते, “गप्प बसा हो, मुलीच्या नोकरीचा प्रश्न आहे.” कारण सोनमने तिला विश्वासात घेऊन सांगितलंय की गुण कमी आले की वरचे लोक तिला बोलतात. सोनम मुरलीपुऱ्याला राहते, दोन बस बदलून येते, लग्न ठरलंय, होणारा नवरा सीतापुऱ्याला कपड्यांच्या कारखान्यात आहे, सासू जरा खाष्ट वाटते, हे सगळं अलकाला माहीत आहे. सोनमला अलकाच्या गुडघ्याबद्दल काहीही माहीत नाही.

माझी सगळी नोकरी विमा कंपनीत क्लेम तपासण्यात गेली, हे तुम्हाला ठाऊक आहेच. काही दुखत नसताना लंगडत येणारी माणसं मी ढिगाने पाहिली. एकजण तर साहेब बदलले की पायही बदलायचा. पण दुखत असताना न लंगडण्याची शिकस्त करणारं माणूस पकडायचं कसं, हे आम्हाला कोणत्याच ट्रेनिंगमध्ये शिकवलं नव्हतं.

शेवटी मी एकटाच हॉस्पिटलात गेलो. तळपायाची आग मस्तकात गेलेली. आत शिरल्या शिरल्या भिंतीवर एक यंत्र दिसलं, त्यावर पाच चेहरे, हसऱ्यापासून रडक्यापर्यंत, आणि वर लिहिलेलं, आपका अनुभव कैसा रहा. म्हटलं, हेच पाहिजे होतं. मी तो लाल रडका चेहरा दाबला. पुन्हा दाबला. अंगठा दुखेपर्यंत दाबला. थोड्या वेळात एक सुपरवायझर धावत आला आणि पाठोपाठ एक सफाईवाल्या बाई. ते यंत्र बाजूच्या संडासाचं होतं. सुपरवायझर माझ्यासमोर त्या बाईंना नको नको ते बोलायला लागला, आणि मला ओशाळून आत जाऊन, संडास बघून, बाहेर येऊन, फारच स्वच्छ आहे असं जाहीर करावं लागलं. वर हसरा चेहराही दाबून दाखवला. दुखणं रेड्याला आणि डाग पखालीला म्हणतात ते हेच. (रेडा म्हणजे अलका नव्हे. म्हण तशीच आहे.)

मग गुण मोजणाऱ्या खात्यात गेलो. तिथे एक टापटीप बाई होत्या. मी सांगितलं, माझ्या बायकोला दुखतंय, गुडघा वाकत नाही, तुमच्याकडे लिहिलंय ते सगळं चूक आहे. त्यांनी संगणक फिरवून मला आलेख दाखवला. अलकाची रेघ वर वर चाललेली. इतकी सरळ चढण तिला आयुष्यात कधी जमली नव्हती. मी म्हटलं, ही रेघ खोटी आहे. त्या हसून म्हणाल्या, “अंकल, ये पेशंट-रिपोर्टेड है. हसबैंड-रिपोर्टेड नहीं.” त्यांचं बरोबरच होतं ना! पित्त पित्त म्हणणाऱ्या माझ्या वडिलांना हेच कोणीतरी सुनवायला हवं होतं. नेमकं मीच खरं बोलत होतो त्या दिवशी मला सुनवलं. तोंड दाबून बुक्क्यांचा मार, आणि तोंड दाबणारी आपलीच बायको.

पुढच्या आठवड्यात अलकाला घेऊन डॉक्टरांकडे गेलो. जिना उतरायला तिला इतका वेळ लागला की रिक्षावाला दोनदा जायला निघाला. डॉक्टरांनी आधी आलेख पाहिला, मग अलकाकडे पाहिलं, गुडघा शेवटी पाहिला, तोही जाता जाता. दर्द? “नहीं जी, बढ़िया.” त्यांनी पाय जरा वाकवला. हिने टेबलाची कड अशी धरली की बोटं पांढरी पडली, पण चेहरा हळदीकुंकवाला बोलवायला आल्यासारखा हसरा. उठताना मात्र तोंडून निघालं, आई गं! डॉक्टरांनी विचारलं, क्या हुआ? तर म्हणते, कुछ नहीं, हमारे यहाँ उठते समय माँ को याद करते हैं. डॉक्टरांना ते इतकं आवडलं की त्यांनी बरोबरच्या शिकाऊ डॉक्टरांना आपल्या संस्कृतीवर दोन वाक्यं ऐकवली. मी मध्ये पडलो, तेव्हा म्हणाले, थोड़ा टाइट है, लेकिन आंटीजी ख़ुद ख़ुश हैं तो हम क्यों छेड़ें.

क्यों छेड़ें! ताई, याच डॉक्टरांनी ऑपरेशनआधी आम्हाला समोर बसवून सांगितलं होतं की तीन महिन्यांत गुडघा नीट वाकला नाही तर पेशंटला भूल देऊन तो हाताने वाकवून मोकळा करावा लागतो, आणि ते वेळेवर केलं तरच उपयोग. नंतर आतलं सगळं घट्ट होऊन बसतं, मग जे राहिलं ते कायमचं. तीन महिने फेब्रुवारीच्या मध्यावर भरतात. त्यानंतर अलका अशीच, आडव्या पावलांनी, कठडा धरून, जन्मभर. आणि का, तर बरं आहे म्हणायची सवय म्हणून.

अजून संपलं नाही. संक्रांतीचं हळदीकुंकू तिने घातलंच. इथल्या बँकेतल्या, रेल्वेतल्या, यच्चयावत मराठी बायका आल्या. ही पहिल्या बाईपासून शेवटच्या बाईपर्यंत उभी होती, कारण बसली असती तर सगळ्यांदेखत उठता आलं नसतं. सगळ्या थक्क! जाताना जिन्यात एकमेकींना त्याच हॉस्पिटलचं नाव सांगत होत्या. गंधार ऑफिसातून आला तेव्हा ती पलंगावर डोळे मिटून पडली होती. तो मला विचारतो, “बाबा, मतलब आईला दुखते तर ती बोलत का नाही?” आमच्या चिरंजीवांचं मराठी तुम्हाला माहीत आहे, पण प्रश्न चोख होता. त्याचं उत्तर मी तुमच्याकडे मागतो. तुम्हाला येत असेल.

आणि ही सगळ्यांवर कडी. हॉस्पिटलने खालच्या मजल्यावर अलकाचा फोटो लावलाय, खाली मोठ्या अक्षरांत ‘घुटना नया, उमंग नई’. आता त्यांचा एक समारंभ आहे, नेमका तीन महिन्यांच्या तपासणीच्याच दिवशी. तिथे आदर्श पेशंट म्हणून तिचा सत्कार आहे, आणि तिने पायऱ्या चढून व्यासपीठावर जायचं आणि चार शब्द बोलायचे आहेत. तिने हो म्हटलंय. सोनमने गळ घातली म्हणे. मी नको म्हटलं तर दोन दिवस माझ्याशी बोलली नाही, आणि मी बघत नाहीसं पाहून स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर पाय उचलायचा सराव करत होती. ते मी पाहिलं. राग राग म्हणून मी जे वर लिहिलंय, त्यातला बराचसा राग नाहीच आहे, तुम्हाला काय ते समजेल.

असो. सुनेला आशीर्वाद. तुमच्या आंब्याला मोहोर आला असेल.

आपला संतापी मेहुणा,
सदाशिव

ता. क. हवापाण्याची चौकशी करायला एवढं मोठं पत्र लिहिलेलं नाही, हे तुम्ही ओळखलंच असेल. तुम्ही इकडे या. त्या तपासणीच्या आधी या. पुण्याहून जयपूरला थेट गाडी आहे, स्टेशनवर मी न्यायला येईन. तुम्ही काही बोलू नका, तिला रागावू नका, फक्त तिला घरातल्या घरात चालताना एकदा बघा. तुम्ही समोर बसून बघत असाल तर तिला खोटं चालता येणार नाही. मग तुम्हीच तिच्याबरोबर डॉक्टरांच्या खोलीत चला. माझं तिथे कोणी ऐकत नाही आणि ऐकूही नये.

ता. क. दुसरा. घोटाळा झाला. पाकिटावर घालायला तुमचा पिनकोड मला पाठ नव्हता. आम्ही नवरे लोक कुठल्याही नातेवाइकाचा पत्ता पाठ करत नाही. तो अलकालाच विचारावा लागला. तिने पिनकोड सांगितला आणि पत्र मागून घेतलं. आत्ता वाचते आहे. मी गच्चीवर जातो.

ताई, मी अलका. सगळं वाचलं. यांना तिखटमीठ लावल्याशिवाय लिहिता येत नाही. हळदीकुंकवाला उभी राहिले ते खुर्च्या कमी होत्या म्हणून. खिचडीबद्दल मी एकच वाक्य बोलले होते. सोनम गुणी मुलगी आहे, तिला यात ओढायचं काही कारण नव्हतं. आणि यांचं स्वतःचं ब्लडप्रेशर दोन महिने वाढलेलं आहे, डॉक्टरने मीठ बंद सांगितलंय, ते यांनी तुला लिहिलं का? विचारलं की म्हणतात, बरं आहे. उपमा खारट करतात आणि स्वतःच दोनदा घेतात.

माझं सगळं छान आहे. उगाच काळजी करू नकोस. एवढ्या थंडीत एवढा लांबचा प्रवास करायची अजिबात गरज नाही.

ताई, ये गं. फार दुखतं.