सातच्या बातम्या

मंगळवार, दिनांक १४
सकाळचे अकरा

चि. ठकू,
अनेक आशीर्वाद.

इकडे आम्ही दोघं बरे आहोत, म्हणजे पाच महिन्यांपूर्वीच्या मानानं बरे. तुझ्या आईनं काल उजव्या पायाचा अंगठा आपला आपण हलवला. व्यायाम घ्यायला येणाऱ्या ताई म्हणाल्या, "काका, हे तुमच्या मालिशीमुळे." मी वरवर छे छे म्हटलं, पण दिवसभर फुशारलेला होतो. माझे गुडघे नेहमीप्रमाणे कुरकुरतात. या आठवड्यात दोनदा दूध उतू गेलं, हे सकाळच्या मदतनीस बाईंनी तुला कळवलं असेलच. दोनदा नाही, तीनदा.

पत्र बघून तू म्हणशील, बाबांना फोन करायला काय झालं. फोनवर तू बोलतेस आणि मी हूं हूं करतो. गेल्या बुधवारीही तेच झालं. "बाबा, मी सगळं ठरवलंय. येत्या नाही, त्याच्या पुढच्या रविवारी गाडी घेऊन येते. आईला आमच्या घराजवळच्या शुश्रूषागृहात ठेवू. तिथे चोवीस तास नर्स असते. तुम्ही शहात्तर वर्षांचे आहात, स्वतःला सांभाळलंत तरी पुष्कळ झालं." मी बरं म्हणालो आणि फोन ठेवला.

ते बरं मी या पत्रानं परत घेतोय. आई कुठेही जाणार नाही. तू रविवारी जरूर ये, जावईबुवांनाही आण, पण तिला न्यायच्या तयारीनं येऊ नकोस.

रागावू नकोस, आधी शेवटपर्यंत वाच. तुझा स्वभाव माझ्यावर गेलाय, पहिल्या पानावरच निकाल लावून मोकळी होतेस.

तुझ्या आईची संध्याकाळची प्रार्थना तुला आठवत असेल. सात वाजता ती आतल्या खोलीत बसायची आणि सात वाजताच बाहेर माझ्या बातम्या लागायच्या. एकोणपन्नास वर्षं हे भांडण चाललं. ती म्हणायची, "तुमचं जग दहा मिनिटं थांबणार नाही का?" मी म्हणायचो, "तुझा देव बहिरा नाही ना, मग रेडिओला कशाला घाबरतो?" असलं काही बोललं की मी स्वतःवर खूश असायचो. मग मी रेडिओचा आवाज वाढवायचा आणि तिनं तिचा. तू मधल्या दारात वही घेऊन बसायचीस. दोन्हीकडचं तुझ्या कानावर पडायचं.

दवाखान्यातून तिला घरी आणलं तेव्हा तिची वाचा गेलेली, उजवी बाजू गेलेली. रोज सात वाजले की ती डावा हात पलंगाच्या कडेवर आपटायला लागायची. मला वाटलं दुखतंय, म्हणून मी वेदनेची गोळी दिली. चार दिवस गोळ्याच देत होतो. पाचव्या दिवशी माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मी खुर्ची ओढली, तिच्यासमोर बसलो आणि प्रार्थना म्हणायला लागलो.

ठकू, ज्यानं जन्मात हात जोडले नाहीत त्या तुझ्या बापाला ती प्रार्थना येत होती. फक्त ती बातम्यांच्या फटीफटीतून ऐकलेली होती. ठळक बातम्यांच्या वेळची सुरुवात मला येतच नाही. मधल्या जाहिराती लागल्या की मी आवाज कमी करायचो, तेवढा भाग तोंडपाठ आहे: "दार उघडं ठेव, आमची माणसं अजून वाटेत आहेत," आणि त्यापुढे तुम्हा सगळ्यांची नावं. नावं संपली की परदेशच्या बातम्या सुरू व्हायच्या. तिथून पुढचं सगळं गायब.

ती प्रार्थना कुठल्या पुस्तकात नाही, हे तुला माहीत आहे. तुझ्या आजीनं ती तोंडी शिकवली आणि लिहून ठेवायची नाही असा दंडक घातला. मी तो मोडलाय. एका वहीत आठवतं तेवढं लिहिलं, बाकी ओळींना जागा सोडली, आणि रोज अंदाजानं एकेक शब्द भरून तिला म्हणून दाखवतो. चुकलं की ती पलंगाची कड ठोकते. बरोबर असलं की तळहात उघडते. पहिल्या चार ओळी जुळवायला तीन आठवडे लागले. अडतीस वर्षं वर्तमानपत्रात मुद्रितं तपासली मी, पण असा कडक तपासनीस मला कचेरीतसुद्धा भेटला नव्हता.

मला आता विश्वास वाटायला लागला का, असं तू विचारशील. नाही. पलीकडे ऐकणारं कोणी आहे की नाही, ते मला ठाऊक नाही. पण तेवढा वेळ तिचा श्वास संथ चालतो आणि माझाही. या वयात मला तेवढं पुरतं. सातला रेडिओ मी आता लावत नाही.

आता बॅगेचं सांगतो. तू म्हणालीस म्हणून मी गुरुवारी तिची बॅग भरून पलंगाशेजारच्या खुर्चीवर ठेवली. दुपारी माझा डोळा लागला. उठून बघतो तर ती डाव्या हातानं एकेक कपडा बाहेर काढत होती. गाऊन, टॉवेल, शेवटी मोजे. तिला पाऊण तास तरी लागला असेल. घामाघूम झाली होती, पण मला मदत करू देईना. मला फार आनंद झाला. आणि लगेच लाज वाटली. कारण एक गोष्ट मी तिला सांगितली नव्हती. तुलाही नाही.

तिला झटका आला त्या संध्याकाळी ती आत प्रार्थना म्हणत होती, मी बाहेर बातम्या ऐकत होतो. "वाटेत आहेत" इथपर्यंत आवाज आला आणि थांबला. पुढे तुझं नाव यायला हवं होतं, मग जावईबुवांचं, मग मुलांचं. एकही नाव आलं नाही. मुद्रितात एक ओळ गळाली तरी मला खुपायची. ही गळाली तेसुद्धा मला त्याच क्षणी कळलं होतं. मी काय केलं? मनात म्हटलं, बरं झालं, आज लवकर आटोपलं. आणि पुढची वीस मिनिटं खुर्चीत बसून बातम्या ऐकल्या, हवामानासकट. मग पाणी हवं म्हणून आत गेलो. ती जमिनीवर होती.

डॉक्टरांनी विचारलं, "किती वेळ झाला?" मी म्हणालो, "पडल्याचा आवाज आला तसा लगेच धावलो." ते म्हणाले, यात मिनिटामिनिटाला महत्त्व असतं. तरीही मी खरी वेळ सांगितली नाही. तुलाही तेच सांगितलं. तू माझ्या गळ्यात पडून रडलीस आणि म्हणालीस, "बाबा, तुम्ही होतात म्हणून आई वाचली." पाच महिने ते वाक्य मला टोचतंय.

वेळ गेल्यानं तिचं किती नुकसान झालं, ते मला माहीत नाही. कदाचित काहीच नाही. कदाचित तिची वाचा वाचली असती. हे मला कधीच कळणार नाही आणि ते घेऊनच मला उरलेलं आयुष्य काढायचंय.

तर शुक्रवारी मी बॅग पुन्हा भरली, तिच्याजवळ ठेवली आणि तिला सगळं सांगितलं. म्हटलं, "आता तू ठरव. पोरीकडे जायचं असेल तर जा, मी अडवणार नाही." तिनं भिंतीकडे तोंड फिरवलं. शनिवार, रविवार माझ्या हातचा घास घेतला नाही, मदतनीस बाईंच्या हातून जेवली. सात वाजता मी तिच्या पाठीसमोर बसून प्रार्थना म्हटली. चुकलो तरी तिनं ठोकलं नाही. एवढे वाईट दोन दिवस मी पाहिलेले नाहीत, दवाखान्यातलेही नाहीत.

काल सकाळी चहा घेऊन गेलो तर बॅग रिकामी होती. सगळे कपडे जमिनीवर होते, मोजेसुद्धा. तिनं माझ्या हातून चहा घेतला. संध्याकाळी दोनदा ठोकलं. दोन्ही चुका माझ्याच होत्या.

म्हणून मी ठाम आहे. प्रायश्चित्त करतोय, असं समजू नकोस. तिला इथे राहायचंय आणि मला तिचं करता येतंय, एवढंच कारण आहे. रात्रीसाठी एक बाई ठरवल्या आहेत, परवापासून येतील. न्हाणीघरात धरायला दांडी बसवून घेतली. दूध तापवण्याचं काम मी मदतनीस बाईंच्या हवाली केलंय, माझा पराभव मान्य आहे. आणि ज्या दिवशी मला तिला धरून उठवता येणार नाही, त्या दिवशी मी स्वतः तुला फोन करीन. हे मी लिहून देतोय, कारण माझ्या तोंडच्या शब्दावर तू आता का विश्वास ठेवावास?

माझ्यावर रागावायचं असेल तर खुशाल रागाव. हवं तर रविवारी माझ्याशी बोलू नकोस. पण आईजवळ बस आणि सात वाजेपर्यंत थांब. वहीतल्या रिकाम्या ओळी तुला येत असतील. तुझ्या कानाशी कोणी परदेशच्या बातम्या लावल्या नव्हत्या.

दुपारचे चार

पाकीट बंद करण्याआधी हे सगळं तुझ्या आईला वाचून दाखवलं. वर "वीस मिनिटं" आहे तिथे तुला खाडाखोड दिसेल. मी आधी दहा लिहिलं होतं. शुक्रवारी तिलाही दहाच सांगितलं होतं. दहा म्हटल्याबरोबर तिनं कड ठोकली. मला वाटलं, हात चाळवला असेल. पुन्हा वाचलं, पुन्हा ठोकली. पंधरा म्हणालो, तरी ठोकली. वीस म्हटल्यावर तळहात उघडला.

ती शुद्धीत होती, ठकू. जमिनीवर पडल्या पडल्या तिनं सगळ्या बातम्या ऐकल्या. दोन दिवस तिनं तोंड का फिरवलं होतं, ते मला आज कळलं. मी उशिरा गेलो हे तिला पाच महिन्यांपासून माहीत होतं. कबुली देतानाही मी खोटं बोललो, ते तिला सोसलं नाही.

मग उरलेलं पत्र वाचलं. शेवटी मागे येऊन "आई कुठेही जाणार नाही" हे वाक्य मुद्दाम दोनदा वाचलं, सावकाश, थांबून थांबून. तिचा हात दोन्ही वेळा उघडाच राहिला.

तुझे,
बाबा आणि आई