पंचेचाळीस मीटरसाठी हलका

सही खोडली, कारण वकील म्हणाले, साक्षीदार समोर असल्याशिवाय सही करायची नाही. आता हा मृत्युपत्राचा नवा कागद.

वय एकाहत्तर. चाळीस वर्षं पाण्याखाली वेल्डिंग केलं. डावा कान गेला, डोकं शाबूत आहे. मला कोणी भरीस घातलेलं नाही. उलट वकील निम्मा मजकूर गाळायला सांगत आहेत.

एक. गॅरेजवरच्या दोन खोल्या आणि बँकेतली शिल्लक धाकट्या बहिणीला.

दोन. हत्यारं खालच्या गॅरेजवाल्याला. मोठा पाना त्याच्याकडे सहा वर्षं आहेच. तोही त्याचाच समजावा, मागून थकलो.

तीन. पाण्याखाली सिलिंडरमधली हवा तोंडात देणारा माझा रेग्युलेटर माझ्या कामावरच्या जोडीदाराच्या मुलीला. ती बापाचंच काम करते आणि सोमवारी पंचेचाळीस मीटरवर उतरणार आहे. ती म्हणते, "काका, मला बाबांचाच द्या." बाप गेला त्या चौकशीनंतर परत आलेला त्याचा रेग्युलेटर तिला देऊ नये. करवतीने कापावा.

पुढे कधी नवा घेतलाच, तर दुकानात तोंडात धरून ठरवू नये. जमिनीवर सगळेच सोपे चालतात. खोलवर हवा दाट होते, सिलिंडरमधला दाब उतरत जातो. तेव्हाही श्वास ओढावा लागणार नाही असा बॅलन्स्डच घ्यावा. पाणी थंड असेल तर आत पाणी न शिरणारा, सीलबंद घ्यावा, म्हणजे आत बर्फ धरत नाही. अडचणीत जोडीदाराला द्यायचा, तोंडात धरायचा जादा भागही त्याच दर्जाचा असावा.

चार. बहिणीचा नवरा आमच्या कंपनीचा स्टोअरकीपर होता. त्याने चुकीचा माल दिला म्हणून जोडीदार गेला, असं मी सव्वीस वर्षं सांगत आलो. मुलगी अजून त्याला पाहून तोंड फिरवते. खरं असं आहे. रेग्युलेटर मागवायची चिठ्ठी माझ्या हातची होती: "पंचेचाळीस मीटरसाठी, हलका." मला म्हणायचं होतं, श्वासाला हलका. त्याने हलक्यातला, स्वस्तातला काढून दिला. जोडीदाराने टेबलापाशीच दोन श्वास घेतले आणि म्हणाला, "लोण्यासारखा चालतोय. चल." खाली काम जड होतं. त्याला हवा पुरली नाही.

स्टोअरकीपर तेव्हा एवढंच म्हणाला होता, "तूच लिहिलंस, हलका." मी त्याच्याशी बोलणं सोडलं. ही बाब मुलीला वाचून दाखवावी.

वकील म्हणाले, "मृत्युपत्र तुम्ही गेल्यावर लागू होतं. सोमवार त्याआधी येतो."

"सांगता येत नाही," मी म्हणालो.

"मग तोंडाने सांगा तिला."

वरील सर्व मी वाचलं, ते माझंच आहे.

ठिकाण: गॅरेजवरची पुढची खोली. वार शनिवार, तारीख अठरा.
सही: वेल्डर
साक्षीदार: १. तळमजल्यावरची शिंपीण २. वकिलांचा कारकून

जोड, रविवार: सकाळी मुलगी आली. चौथी बाब मी वाचून दाखवली. तिने चिठ्ठीतला शब्द पुन्हा विचारला, मी पुन्हा सांगितला. तिने माझा रेग्युलेटर पिशवीत भरला. निघताना ती नेहमी 'येते' म्हणते. आज 'जाते' म्हणाली.