पयल्या नंबरचा बर्गर

धम्मदीपाचे बाबा,

पोरगी शाळेत चक्कर येऊन पडली, शुगर लय वाढली, बोलूनही नाही राह्यली. मी घरी न येता शाळेतूनच तिले जीपनं वाशीमच्या दवाखान्यात घेऊन चालली. वावरातून आले की ओल्या मडक्यात ठेवलेलं तिचं इंजेक्शन घेऊन लगेच निंगा.

पयला नंबर आला म्हणून शाळेनं तिले आठवडाभर दुपारी बर्गर अन् कोल्ड्रिंक देल्लं. तिनं रोज खाल्लं, पन सगळ्याईदेखत सुई काही घेतली नाही.

मास्तर संग येऊन राह्यले. त्याईच्या अंगावर जाऊ नका. त्याईले तिचा आजार माहीतच नव्हता. "कोनाले सांगू नको, उद्या सोयरीक जमनार नाही," असं तिले तुमीच सांगतलं होतं. अन् मी गप बसली होती.

— रत्नमाला