भव्या ओपनमधूनच जाणार

११ जून, सकाळी ८
मराठी गंजू नये म्हणून रोजनिशी. रोज अर्धं पान. नक्की.
भव्याने मेडिकलचा फॉर्म परस्पर भरला. आज तपासला आणि डोकंच फिरलं. कम्युनिटीच्या रकान्यात बीसी! आमचे खापरपणजोबा तंजावरच्या राजवाड्यात भालदार, आणि आमची मुलगी मागास? सर्टिफिकेट आहे, ठीक आहे. बारावीला सत्त्याण्णव टक्के, प्रवेश परीक्षेची मार्कंही चांगली आहेत. मानाने ओपनमधून जाईल. दुरुस्ती एकदाच, तीही जूनअखेरपर्यंतच करता येते, ती केली. भव्या झोपली होती, उगाच कशाला उठवायचं.

१२ जून
भव्याला सांगितलं. फॉर्मची प्रिंट बघत बसली. भवानी मात्र बोलली. भाला गेला, राजवाडा गेला, नवऱ्याचा ताठा तेवढा राहिला म्हणे. बायकोला प्रोसेस कळत नाही.

२४ जून
सिरुसेरीच्या आयटी पार्कातलं ऑफिस. माझं कामच चेंज रिक्वेस्टचं. आज फ्रीझनंतर, म्हणजे बदलांची मुदत संपल्यावर, क्लायंट बदल मागत होता. म्हणाला, चूक आमचीच, पण एकदा सांभाळून घ्या. छे! फ्रीझ म्हणजे फ्रीझ. नेहमीचं दोन ओळींचं उत्तर पाठवलं. बरं वाटलं.
(रोजनिशी बारा दिवस राहिली. ऑफिसचा ताण.)

२ जुलै
लिफ्टमध्ये शेजारचे रामस्वामी, रिटायर्ड तहसीलदार. म्हणाले, बीसी लिहिलं तरी मार्कं पुरली की सीट ओपनमधलीच मिळते. नाही पुरली तर बीसीचा आधार. आपण ओपन लिहिलं, म्हणजे आधारच काढला.
ऐयो. हे आधी सांगायला काय झालं होतं यांना?
घाबरायचं कारण नाही. उद्या हेल्पलाइन. दहाच्या आत काम फत्ते.

३ जुलै
हेल्पलाइन बिझी. दिवसभर.

४ जुलै
रजा टाकून मेडिकल प्रवेश कमिटीच्या ऑफिसात. टाय लावला, इम्प्रेशन पडतं. काउंटरवर कनका नावाच्या बाई. ओरिजिनल सर्टिफिकेट पुढे केलं. बदल कुणी केला, विचारलं. सिस्टिमने, म्हणालो. त्यांनी स्क्रीन माझ्याकडे वळवली. ११ जून, सकाळी ७.५२. ओटीपी माझ्याच फोनचा. मागे रांगेतली माणसं वाचत होती.
मेल करा सार, म्हणाल्या. केला. अडीच पानी. मुद्देसूद. नाही म्हणणं अशक्य.

९ जुलै
उत्तर आलं. दोन ओळी. मुदतीनंतर बदल स्वीकारता येत नाही, क्षमस्व. मीही असंच लिहितो.

२८ जुलै
यादी लागली. ओपन सहा मार्कांनी हुकलं. भव्यापेक्षा चार मार्कं कमी असलेल्या तिच्या मैत्रिणीला, संयुक्ताला, बीसीतून सीट मिळाली. भव्याने तिला फोन केला, हसून अभिनंदन केलं, मग बाथरूममध्ये जाऊन नळ सोडला. बराच वेळ सोडला होता.
मी केलं हे. दुसऱ्या कुणीही नाही. दाराबाहेर उभा राहिलो.

१ मार्च
मधले सात महिने लिहायला जमलं नाही.
भव्या पुन्हा प्रवेश परीक्षेला बसतेय. फॉर्म आज भरणार म्हणाली. एकदा नजर टाकतो म्हटलं. नको अप्पा, म्हणाली. रागावून नाही, अगदी नीट.
निदान ओटीपी तरी मला विचारावा लागेल म्हणून फोन हातात धरून सोफ्यावर बसलो. तासाभराने भवानी म्हणाली, फॉर्म कधीच गेला, आता नंबर माझा दिलाय.