छाती दाबल्यानंतरची वर्षं

बाबा,

नाक्यावरचे डॉक्टर गेल्या महिन्यात वारले. तुमची छाती ज्यांनी दाबली होती, ते. मी भेटायला गेले तेव्हा त्यांच्या मुलीने मला लगेच ओळखलं. म्हणाली, "त्या लूमवाल्यांची मुलगी ना तुम्ही? अब्बा शेवटपर्यंत तुमच्या वडिलांची गोष्ट सांगायचे. गेलेला माणूस परत आणला म्हणायचे." मी मान हलवली आणि चहा प्यायले. त्या गोष्टीचा पुढचा भाग त्या घरात कोणालाच माहीत नाही. तो तुम्हालाही कधी धड माहीत नव्हता. मी कितीदा सांगितला तरी दुसऱ्या दिवशी तुमच्याकडून तो पुसला जायचा. म्हणून आज एकदा सगळं सलग लिहिते.

मी सहावीत होते. शाळा सुटल्यावर तुमचा डबा घेऊन धामणकर नाक्यामागच्या आपल्या यंत्रमागांच्या कारखान्यात यायचं, हे माझं रोजचं काम. आठवडाभर पाऊस लागून राहिला होता आणि पत्र्यातून पाणी ठिबकत होतं. मी दारात पोचते तर तुम्ही कोपऱ्यातल्या लूमपाशी उभे आहात आणि तुमचा हात मोटरच्या खोक्याला चिकटलाय. तोंड उघडं आहे पण आवाज येत नाही. सगळं अंग थरथरतंय, लूमसारखंच. उत्तर प्रदेशातले ते म्हातारे कारागीर, ज्यांना आपण सगळे चाचा म्हणायचो, त्यांनी लाकडाची फळी उचलून तुमच्या हातावर पूर्ण ताकदीने हाणली. तुम्ही मागे कोसळलात, लोखंडी सांगाड्यावर डोकं आपटलं, कपाळ फुटलं. बाकीचे लूम खटखट करत चालूच होते. मग कोणीतरी मेन बंद केला आणि सगळीकडे इतकी शांतता पसरली की पत्र्यावरचा पाऊस पहिल्यांदा ऐकू आला.

डॉक्टर धावत आले. त्यांचा दवाखाना समोरच होता. त्यांनी तुमच्या गळ्याला बोटं लावली, डोळे पाहिले आणि मूठ वर नेऊन तुमच्या छातीवर हाणली. मग चिखलात गुडघे टेकून दोन्ही हातांनी दाबायला लागले. कोणी माणसाला असं दाबताना मी पाहिलं नव्हतं. छाती आत जात होती. एकदा आतून कट् असा आवाज आला, तरी ते थांबले नाहीत. तेवढ्यात काका आला. त्याला दिसलं ते एवढंच की रक्ताने माखलेला भाऊ खाली पडलाय आणि एक माणूस त्याच्या छातीवर चढून बसलाय. "मेलेल्याला मारतंस काय रं?" म्हणत त्याने डॉक्टरांची कॉलर धरली आणि तोंडावर ठोसा मारला. डॉक्टरांचा ओठ फाटला. चाचांनी काकाला मागून कवेत आवळून धरलं. डॉक्टर दाबता दाबता बाजूला रक्त थुंकत म्हणाले, "बरगडी तुटली तर जुळते. मला नंतर मारा. आधी टेंपो बोलवा."

टेंपोतही ते दाबत होते. पलीकडच्या खासगी दवाखान्यात शॉकचं मशीन नुकतंच आलं होतं. तिथे कोणी मला बाहेर काढलं नाही, कारण कोणाचं माझ्याकडे लक्षच नव्हतं. त्यांनी तुमच्या छातीवर दोन थाळ्या टेकवल्या आणि तुम्ही खाटेवरून उडालात. पुन्हा टेकवल्या, पुन्हा उडालात. नंतर पडद्यावर रेघ नीट चालायला लागली आणि डॉक्टर भिंतीला टेकून खाली बसले.

तुम्ही बरेच दिवस शुद्धीवर आला नाहीत. आलात तेव्हा पाणी मागितलंत. आख्खा गाव बघायला लोटला. काकाने डॉक्टरांचे पाय धरले. आईने देवीला साडी नेली. मीसुद्धा शाळेत सांगितलं की माझे बाबा मरून परत आलेत, आणि काही दिवस माझी फार चलती होती.

मुंबईच्या मोठ्या इस्पितळात एक डॉक्टर बाई होत्या. हृदय बंद पडून पुन्हा चालू झालेल्या माणसांवर त्या संशोधन करत होत्या. अशी माणसं थोडी, आणि घरी गेल्यावर ती कशी जगतात ते कोणी बघतच नाही, म्हणून त्या तुम्हाला वर्षातून दोनतीनदा बोलवायच्या. तुम्ही इस्त्रीचा शर्ट घालून जायचात. बाई तारीख विचारायच्या, वजाबाकी करायला सांगायच्या, तीन शब्द सांगून थोड्या वेळाने ते पुन्हा विचारायच्या. मधल्या वेळात तुम्ही ओठ न हलवता ते शब्द घोकायचात. मी शेजारी बसायचे, मला कळायचं. मग बाई आईकडे वळून विचारायच्या, "घरी कसं आहे?" आई म्हणायची, "बरे हायत. जेवतात, कामाव जातात." बाई लिहायच्या. त्यांच्याकडे माणसाच्या प्रकृतीच्या पायऱ्या ठरलेल्या होत्या. शेवटची मृत्यूची, पहिली बऱ्या माणसाची. तुम्ही पहिलीवर होतात.

घरी तुम्ही जेवायचात आणि जेवल्याचं विसरायचात. हात धुऊन थोडा वेळ जायचा आणि तुम्ही आईला म्हणायचात, "ताट वाढ." सुरुवातीला ती हसून म्हणाली, "आताच तर जेवलात." तुम्ही चुलीवरचा तवा उचलून तिच्यावर फेकलात. तिच्या दंडाची कातडी तव्याला चिकटून आली. त्यानंतर ती शिकली. पहिल्या वेळी अर्धीच भाकरी वाढायची, म्हणजे तुम्ही पुन्हा मागितलंत की उरलेली देता येईल, न बोलता. पण विसरणं फक्त जेवणाचं नव्हतं. किल्ली, छत्री, कारागिराला दिलेली सुट्टी. तुम्हाला काहीतरी सापडत नसे, आणि समोरचा माणूस ते आपल्याला मुद्दाम सांगत नाही असं वाटायचं. मग तुमच्या मानेवरची शीर फुगायची. ती फुगली की मी धाकट्या भावाला घेऊन माळ्यावर जायचे. खालून आवाज यायचे. भांडी, भिंत, आई. आई ओरडायची नाही. तिच्या तोंडातून फक्त हवा बाहेर पडल्यासारखा आवाज यायचा. अर्ध्या तासाने तुम्ही जिन्याखाली उभे राहून अगदी मायेने हाक मारायचात, "खाली या रे पोरांनो, एवढे गप्प का?"

आजी म्हणायची की आधीचा माझा लेक असा न्हवता. शेजारी म्हणायचे, मेल्यावर दुसरंच काहीतरी अंगात शिरून आलंय. आई कोणालाच काही म्हणायची नाही. तिला वाटायचं, एवढ्या लोकांनी धडपड करून परत आणलेला माणूस, त्याच्याबद्दल तक्रार कशी करायची.

मी बारावीत गेले त्या वर्षी तुम्ही तिला धोटा फेकून मारलात. लूमवर धागा घेऊन इकडून तिकडे धावतो तो लाकडाचा जड धोटा, दोन्ही टोकांना लोखंड. तिने तोंडापुढे हात धरला म्हणून डोळा वाचला, मनगट मोडलं. प्लास्टर घातलेला हात घेऊनच ती तुमच्याबरोबर मुंबईला आली. बाईंनी विचारलं, "हाताला काय झालं?" आई म्हणाली, "पडवीत घसरले." बाईंनी पुढचा कागद घेतला आणि विचारलं, "बाकी घरी कसं आहे?"

"बरं हाय," आई म्हणाली.

मी म्हणाले, "बाबांनी धोटा मारला तिला. नेहमी मारतात."

बाईंचं पेन थांबलं. तुम्ही आईकडे पाहिलंत आणि शांतपणे विचारलंत, "खरं काय गं?" आई म्हणाली, "न्हाय." मग तुम्ही माझ्याकडे वळलात. मी शीर पाहिली, पण तिथे माळा नव्हता. पहिला फटका तोंडावर बसला. मी खुर्चीसकट पडले तेव्हा तुम्ही टेबल उलटं केलंत, बाई भिंतीला चेपल्या गेल्या, आणि तुमची लाथ माझ्या पोटात आली. दुसरी. तिसरी आईने अंगावर घेतली. बाहेरून दोघं वॉर्डबॉय आले, त्यांनी तुम्हाला जमिनीवर पालथं दाबून धरलं. तुम्ही एकाच्या हाताचा लचका तोडलात. माझ्या कानात शिट्टी वाजत होती आणि तरी मला आठवतं, बाई सारखं म्हणत होत्या, "त्यांना लागेल असं धरू नका."

मग ते गेलं, नेहमी जायचं तसं. तुम्हाला खुर्चीवर बसवलं. तुम्ही धापा टाकत खोलीभर पाहिलंत. उलटं टेबल, कागद, मी. माझा ओठ फाटला होता. तुम्ही खिशातून रुमाल काढलात, माझ्याजवळ आलात, कोणी अडवायच्या आत माझ्या तोंडाला तो लावलात.

"कोणी मारलं तुला?" तुम्ही विचारलंत.

"तुम्ही," मी म्हणाले.

तुम्ही आईकडे पाहिलंत. ती या वेळी न्हाय म्हणाली नाही.

बाईंनी आम्हाला दुसऱ्या खोलीत नेलं आणि समजावलं. हृदय बंद होतं तेवढा वेळ मेंदूला रक्त मिळालं नाही. लक्षात ठेवणारा भाग तेव्हा दुखावतो, हे त्यांना माहीत होतं. राग आवरणारा भागही दुखावला असणार. "म्हणजे ते मुद्दाम करत नाहीत," बाई म्हणाल्या. आईने प्लास्टरचा हात मांडीवर घेतला आणि म्हणाली, "कोण मारतं ते तुमी ठरवा, बाई. मार लागतो तो मना." बाईंनी तुमची जुनी फाइल उघडली. मग म्हणाल्या, "इतकी वर्षं मी त्यांना बरे म्हणून लिहीत आले. आणि तुम्हाला विचारलं ते त्यांच्यासमोर." त्यानंतर त्यांनी घरच्यांना वेगळं, दार लावून भेटायची पद्धत सुरू केली. पुढे मी त्यांच्याकडेच कामाला लागले. आजही माझं काम तेच आहे. मी अशा घरी जाते, पेशंट बाहेर बसतो आणि मी स्वयंपाकघरात बसते. सगळीच घरं आपल्यासारखी नसतात. काही माणसं खरंच पूर्ण बरी होतात, आणि तसं ऐकलं की मला आनंद होतो आणि थोडा रागही येतो.

बाईंच्या औषधांनी तुमचा मार कमी झाला, थांबला नाही. पण आता तुम्हाला ठाऊक झालं होतं की काहीतरी घडतं. तुम्ही मला ओटीवर बसवून विचारायचात, "काय काय केलं मी? सगळं सांग." मी सांगायचे. तवा, भिंत, धोटा. तुमचा चेहरा पांढरा पडायचा. दुसऱ्या दिवशी तुम्ही पुन्हा विचारायचात आणि मी पुन्हा सांगायचे, आणि तुम्हाला ते पुन्हा पहिल्यांदाच कळायचं. शेवटी एका दुपारी तुम्ही पिशवी भरलीत. अकलोलीला आत्या एकटीच राहत होती. "मला तिथं नेऊन सोड," म्हणालात, "उद्या मी ऐकणार न्हाय, म्हणून आजच." एसटीत तुम्ही सारखं विचारत होतात की आपण कुठे चाललोय. मी सांगत होते. अकलोली आली तरी उतरला नाहीत तुम्ही, दांडा धरून बसलात आणि कंडक्टरच्या कानशिलात मारलीत. चार माणसांनी तुम्हाला खाली ओढलं आणि रस्त्यावर मारलं. मी मध्ये पडले. आत्या आली तेव्हा आपण दोघंही धुळीत बसलो होतो.

आत्या तुम्हाला घाबरत नव्हती. शीर फुगली की ती बाहेर पडायची आणि दाराला बाहेरून कडी घालायची. आत तुम्ही दार बडवायचात, कुडाची भिंत फोडायचात. शांत झालात की ती कडी काढायची, तुम्हाला गावातल्या गरम झऱ्याच्या कुंडावर न्यायची. आई दर आठवड्याला डबा घेऊन यायची. अंगणात तुमच्यापासून हात पोचणार नाही इतक्या अंतरावर बसायची. तुम्ही जेवायचात, ती बघायची. तिथे तुम्ही दोघं हसताना मी ऐकलंय.

अशाच एका सकाळी मीही आईबरोबर आले होते. तुम्ही अंगणात उभे होतात आणि एकाएकी खाली बसलात, मग आडवे झालात. मी धावले. गळ्याला बोटं लावली. बाईंनी मला दाबायला शिकवलं होतं, पण मी हात छातीवर ठेवले आणि आईकडे पाहिलं. मला वाटलं, ती सोड म्हणेल. तिला सोड म्हणायचा हक्क होता. तिचं मनगट अजून वाकडं होतं.

"दाब," आई म्हणाली. "जोरान दाब गं."

मी दाबलं. घाम डोळ्यांत गेला, हात भरून आले, आत्या जीप आणायला पळाली, आणि आई तुमचं डोकं धरून प्रत्येक दाबाबरोबर दाब, दाब म्हणत राहिली. जीप आली तोवर तुमचे पाय गार झाले होते. तिनेच मग माझे हात धरून बाजूला केले.

तेव्हापासून एक गोष्ट मी कोणाला सांगितलेली नाही. काका, आजी, चाचा, सगळे आधीच्या तुमच्याबद्दल बोलायचे. गाणारे, कोणाला कधी अरे न म्हणणारे. मला ते तुम्ही आठवत नाहीत. खूप प्रयत्न केला. मी ज्याची छाती दाबत होते, ज्याला परत बोलवत होते, तो मला मारणारा माणूसच होता. माझे बाबा म्हटलं की मला तोच आठवतो, आणि मला त्याचीच आठवण येते. आईला हे मी सांगू शकले नाही. डॉक्टरांच्या मुलीलाही नाही. हे पत्र टाकायलाही कुठे जागा नाही, म्हणून माझ्या वहीतच ठेवते.