कुलूप लावलेली सायकल

मंगळवार, संध्याकाळ

आज दुसरी सायकलही गेली असं वाटलं. कंपनीतून सुटून बोईसरला हॉटेलात चहाला थांबलो. सायकल बाहेर, मागच्या चाकाला कुलूप. पहिली याच दारातून चोरीला गेली, म्हणून एरवी नजर बाहेरच असते. आज इतका दमलो होतो की बसल्या बसल्या डोळा लागला. बाहेर आलो तर सायकल नाही. आता सालवडला घरापर्यंत रोज चालत जायचं?

शेजारी मासे विकणारी नवापूरची म्हातारी मावशी म्हणाली, "माज्या मागं हाय. एक जण कुलूप खटखटवत होता. मीच ओढत आणली."

चाक कुलपात असताना तिने ओढली तरी कशी?

"उद्या साखळीनं खांबाला बांध," ती म्हणाली. "मी रोज नाय इथं बसत."