ऐंशी वारांची बंदूक

प्रिय दादा,

उद्या ओढ्याकडच्या पट्टीला कोयते लागणार. बाकी सगळा ऊस तुटून नव्या कारखान्याला गेला, तेवढी एक पट्टी उरली आहे. गेल्या वर्षी उरली होती तशीच. आणि ते रानडुक्कर आत आहे. तुझ्या पलटणीतल्या हवालदार तात्यांनी सकाळी चिखलात खुरांचे ठसे पाहिले. "त्योच हाय सुले, फाटक्या खुराचा," म्हणाले. उद्या मला बोलायला उसंत नसेल, आणि परवा मी कशी असेन कोण जाणे. म्हणून आज लिहिते.

तुझा फार राग आला होता रे मला. अजून आहे. सर्जेराव बावड्याहून आला, "दाजी, आठ दिस बंदूक द्या, इंदापूरच्या माळावर काळवीट मारतो," म्हणाला, आणि तू लगेच खुंटीवरून काढून दिलीस! बायकोच्या भावाला नाही कसं म्हणायचं, होय ना? घरात मला मात्र उठता-बसता नाही म्हणायचास.

तुझी ती बंदूक लावायची, तिचा नेम जुळवून घ्यायची तऱ्हा आठवते. ओढ्याच्या दरडीला गोणपाट टांगायचं, मी पळत जाऊन त्यावर चुन्याचा ठिपका द्यायचा. तू बांधावर पोटावर पालथा, नळीखाली वाळूची पिशवी. गोळी झाली की मी भोकात बोट घालून ओरडायचं, "वर! डावीकडं!" शाळामास्तरीण झाले तरी हे काम माझंच होतं. एका गोळीवर तू कधी काही ठरवलं नाहीस. "एक गोळी खोटं बोलंल. तीन जवळजवळ बसल्या म्हंजी बंदूक खरं बोलती," म्हणायचास.

आणि ते ऐंशी वार! तात्या तुला चिडवायचे, "आरं, ही बंदूक तीनशेवर मारती आन् तू ऐंशीला लावतोस? तोफंनं डास मारतोस का?" तू हसायचास. शेवटची पट्टी राहिली की रानातली सगळी डुकरं तिच्यात कोंडतात, कोयते आत शिरले की एकदम बाहेर फुटतात. पट्टीपासून आपला बांध ऐंशी वार. "मला जितं मारायचं तितंच लावायची. जनावर अंगावर येतंय तवा वर धरू का खाली धरू इचारीत बसायचं न्हाय. माशी जितं, गोळी तितं." नळीच्या टोकावरच्या, नेम धरायच्या त्या इवल्या पोलादी माशीवर तुझा देवापेक्षा जास्त विश्वास होता.

मग तुझाच नियम तू का मोडलास? परक्या हातातून बंदूक आली की आधी ठिपक्यावर तपासायची, हे मला कोणी शिकवलं? पण सर्जेराव आठ दिवसांचा वायदा करून महिनाभर फिरकला नाही, आणि आला तो नेमका तोडीच्या सकाळी. कोयते आत गेले होते, माणसं काठ्या घेऊन बांधावर उभी होती. तू बंदूक घेतलीस आणि माणसांच्या पुढं, पट्टीच्या अर्ध्या वाटेवर, तसाच रानात उतरलास. बंदूक हातात देताना तो तुझ्या शेजारीच उभा होता, दादा. तेव्हासुद्धा एक शब्द बोलला नाही!

तू बार काढलास तो मी ऐकला. डुकराच्या पलीकडं, पाठीवरून, माती उडाली. दुसरा बार, पुन्हा तसंच. तू बंदुकीकडे बघितलंस. त्या वेळचा तुझा चेहरा मी मरेपर्यंत विसरणार नाही. भीती नव्हती त्यात. घरच्या माणसानं दगा द्यावा तसं झालं होतं तुझं. तेवढ्यात जनावर पोचलं, सुळा मांडीत घुसला. उसाची गाडी रिकामी करून तुला त्यात घातलं, वहिनीनं मांडी दाबून धरली, पण बारामतीचा दवाखाना यायच्या आत तू आम्हाला सोडलंस.

आणि दहाव्याला, नदीवर, कावळा शिवायची वाट बघत सगळे उभे असताना सर्जेराव काय म्हणाला माहीत आहे? "पलटणीतला गडी म्हणं! डुक्कर बघून दाजींचा हातच लटपटला. काय करायचं?" माना हलल्या. पोरांनी ते उचललं. माझ्या वर्गातलं एक कार्टं मधल्या सुट्टीत हात थरथरवून दाखवत होतं. मी त्याला मारलं नाही. खरा मार कोणाला द्यायचा ते मला तोवर कळलं होतं.

कारण बंदूक चावडीवर जमा करायची म्हणून मी ती तेल लावून पुसायला घेतली होती. माशीवरून फडकं फिरवलं तर फडक्याला काजळ लागलं! खाली पोलाद नव्या नाण्यासारखं चकचकत होतं. ज्वारीच्या अर्ध्या दाण्याएवढी माशी कानशीनं घासलेली, आणि वर काजळ फासलेलं. माशी बुटकी झाली की नळी वर उचलावी लागते आणि गोळी वरून जाते, हे मला तूच शिकवलं होतंस. लांबच्या काळविटाला गोळी खाली पडते म्हणून ह्या शहाण्यानं माझ्या भावाची ऐंशी वारांची बंदूक तीनशेची करून ठेवली, आणि वर झाकलीसुद्धा!

ओरडले नाही मी. ओरडले असते तर "दाजींनीच घासली आसंल," म्हणून हात झटकून मोकळा झाला असता. मी पुन्हा काजळ लावून ठेवलं.

तेराव्याची पंगत उठली. पाहुणे पान खात बसले होते. मी त्याला सगळ्यांसमोर म्हटलं, "पावणं, ऐंशी वारांवर डुक्कर मारणं लई अवघड असतं का हो?"

"आंधळाबी पाडंल!" तो म्हणाला. त्याला दुसरं काही म्हणताच येत नव्हतं.

"मग दाखवा की. दादाची बंदूक आहे, दरड आहे."

सगळे ओढ्यावर आले. मी ठिपका दिला. सर्जेरावानं बार काढला आणि गोळी ठिपक्याला लागून बसली. लोक वाहवा म्हणाले. त्यानं मिशीवरून हात फिरवला. मी बंदूक घेतली आणि तात्यांच्या हातात दिली.

तात्यांची पहिली गोळी हातभर वर. दुसरी तिच्या शेजारी. तिसरी तिथंच. तात्या उठून दरडीपाशी गेले, सगळे त्यांच्या मागोमाग, आणि त्यांनी तिन्ही भोकांवर एकच पंजा ठेवून पाहिला. मग म्हणाले, "तिनी एका जागी हायत. हात ठीक हाय. बंदूक वर मारती."

मी विचारलं, "पावणं, तुम्ही माशी कुठं धरली होती?"

"ठिपक्यावर."

"ठिपक्यावर तर म्याबी धरली," तात्या म्हणाले. "मग तुमची खाली कशी बसली? हिला हातभर खाली धराया लागतं, ह्ये तुमाला कुणी सांगितलं?"

दादा, त्या माणसाच्या तोंडचं पाणी पळालं! मी सगळ्यांदेखत माशीवर पदराचं टोक फिरवलं आणि काळं झालेलं टोक त्याच्या नाकासमोर धरलं. त्यानं वहिनीचे पाय धरले. "आक्का, काळविटाला बसत नव्हती गं... दोन हात मारले कानशीचे. सांगणार हुतो, दाजी रागावतील म्हणून..."

मंडळी नेहमीप्रमाणे मऊ झाली. झालं गेलं, रक्ताचं नातं, पदरात घ्या. मी वहिनीकडे बघितलं. मला वाटलं होतं, ही विरघळेल, भाऊ आहे तिचा. ती पाय सोडवून मागे सरली. "फुडल्या सालची पट्टी तुटंल तवा ह्यानं यायचं. माझं मालक हुबं हुतं, तितंच हुबं ऱ्हायचं. हातात निस्ती काठी. भंडारा उचल, सर्ज्या." त्यानं भंडारा उचलून शपथ घेतली.

आज तो आला आहे. सोप्यात बसला आहे, ताटातलं अन्न चिवडतोय. वहिनीनं वाढलं, पण "घे अजून" म्हणाली नाही. तिला त्याचं काय व्हावं असं वाटतं, मी विचारलं नाही. तिनंही मला विचारलं नाही.

परवाना माझ्या नावावर झाला आहे. कचेरीत हसले आधी, मग तात्यांनी साक्ष दिली. नवी माशी बसवून घेतली, तुझ्या पद्धतीनं पोटावर पालथी पडून बंदूक लावली. तीनही गोळ्या एका बोटाखाली झाकतील अशा बसल्या. तुला आवडलं असतं.

फक्त एक गोष्ट मी तुझी ऐकली नाही. नाही, ऐकली, तंतोतंत ऐकली. जिथं मारायचं तिथंच लावायची, म्हणालास ना? बंदूक मी ऐंशीला लावली नाही. चाळीसला लावली. तात्या म्हणाले, "सुले, चाळीस कशाला? डुक्कर तर ऐंशीवर दिसंल." मी पुढची गोळी भरली. मग त्यांनी बांधावर जाऊन माझी जागा बघितली, तिथून तू पडलास ती, उद्या सर्जेराव उभा राहील ती जागा बघितली, आणि पावलं मोजायला निघाले. मोजता मोजता मध्येच थांबले आणि माघारी आले. माझ्या नळीखालची वाळूची पिशवी त्यांनी सरळ केली.

वचन देते, दादा. जनावर फुटेल तेव्हा माझा हात थरथरणार नाही. ऐंशीवर मी मारणार नाही. सत्तरवर नाही, साठवर नाही. ते तिरकं वळून त्याच्याकडे धावेल, तो काठी धरून माझ्याकडे मान वळवेल, माझ्या नावानं हाका मारील, तरी नाही. तू बंदुकीकडे बघितलं होतंस तसं एकदा त्याला बघू दे. मग मारीन. डुक्कर त्याच्या पायाशी येऊन पडेल एवढी काळजी घेईन. थोडा उशीर झालाच, तर लोकांनी म्हणावं, मास्तरणीचा हात लटपटला.

तुझीच,
सुली